खटखटीतला पिन-ड्रॉप सायलेन्स

अॅक्टिंगच्या वर्कशॉपमध्ये सरांनी होमवर्क दिला, ‘लहानपणीचा सगळ्यात जुना आवाज ऐकून या!’ बाकीचे समुद्रावर गेले. मी भिवंडीची एसटी पकडली...

एक मनुका. फक्त एक. आणि ती खायला तब्बल पाच मिनिटं!

शनिवारची सकाळ. दादरमधला एक हॉल आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेले आम्ही चौदाजण. कुणी आयटीवाला, कुणी बँकेत, एक डेंटिस्ट आणि मी, फ्रीलान्स पत्रकार. ‘प्रायोगिक अभिनय कार्यशाळा’ असं वाचून फी भरली होती. खरं सांगायचं तर अॅक्टिंगपेक्षा ‘एक स्टोरी होईल’ हाच हिशेब डोक्यात होता. वाटलं, पहिल्या दिवशी एखादं स्वगत देतील, रडायला शिकवतील, गेला बाजार भांडायला तरी लावतील. हातात पडली मनुका! आधी नुसती बघा. मग बोटांनी चाचपा. मग कानाशी नेऊन दाबा (हो, कानाशी!). मग वास घ्या. आता जिभेवर ठेवा, पण चावायची नाही. माझ्या शेजारचा आयटीवाला दुसऱ्याच मिनिटाला गिळून मोकळा झाला होता आणि तोंड उगाच हलवत होता.

त्यानंतर डोळे मिटायला सांगितलं. ‘लहानपणीचा सगळ्यात जुना आवाज आठवा. चित्र नको, गोष्ट नको. नुसता आवाज.’ थोड्या वेळाने एकेकाने सांगायला सुरुवात केली. समुद्राची गाज. आजीच्या बांगड्या. कोकणातल्या घराच्या कौलांवरचा पाऊस. सगळं कसं एकदम कवितेसारखं! माझी पाळी आली आणि मी म्हटलं, ‘खट-खट-खट-खट.’

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘कुठला आवाज?’

‘लूमचा. भिवंडी.’

‘मग जा तिकडे. जे इथे शांततेत केलंस ते तिथे करून बघ.’

मनुका ते मॉस्को

आता तुम्ही म्हणाल, अॅक्टिंगचा आणि मनुकेचा संबंध काय? मलाही तोच प्रश्न पडला, म्हणून घरी येऊन थोडी शोधाशोध केली. मनुकेचा फंडा मुळात नाटकातला नाहीच. जॉन कबाट-झिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये जुनाट दुखण्यांनी वैतागलेल्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला. त्यातला हा मनुकेचा व्यायाम जगभर फेमस झाला. लक्ष भटकलं की त्याच्यावर न चिडता त्याला परत आणायचं, एवढीच कल्पना. मूळ बौद्ध ध्यानपरंपरेचं. आज ‘माइंडफुलनेस’ नावाने तुमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येही ते येऊन गेलं असेल!

नाटकवाले मात्र या वाटेला फार आधी लागले होते. मॉस्कोत स्तानिस्लाव्हस्कीने १९१२ मध्ये ‘फर्स्ट स्टुडिओ’ काढला. तिथे नट श्वासाचे, स्नायू सैल सोडण्याचे, लक्ष एकाग्र करण्याचे व्यायाम करत आणि त्यातले बरेच योगावरच्या पुस्तकांतून आलेले होते. ही पुस्तकं लिहिणारे ‘योगी रामचरक’ कोण? तर विल्यम वॉकर अॅटकिन्सन नावाचे एक अमेरिकन वकील! म्हणजे आपलं ध्यान अमेरिकेमार्गे मॉस्कोला गेलं आणि शंभर वर्षांनी दादरच्या सतरंजीवर परत आलं.

स्तानिस्लाव्हस्कीचा प्रॉब्लेम अगदी प्रॅक्टिकल होता. समोर अंधारात हजार डोळे असताना नटाचं लक्ष स्टेजवर राहायचं कसं? त्याचं उत्तर होतं लक्षाची वर्तुळं. आधी छोटं, तुमच्या हाताच्या टप्प्यातलं. मग मधलं. मग मोठं. मोठं वर्तुळ हातातून निसटलं की परत छोट्यात यायचं. त्याचं पुस्तक के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ नावाने मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याकडच्या हौशी नटांनाही ही वर्तुळं नवी नाहीत. पुढे न्यूयॉर्कमध्ये ली स्ट्रासबर्गने कॉफीचा रिकामा कप हातात असल्याची कल्पना करायला लावली. त्याचं वजन, वाफ, वास, कडेचा चटका. भावनेला ‘ये’ म्हटलं तर ती येत नाही. पण नाक, कान, बोटं यांना विचारलं तर ती मागच्या दाराने हजर होते, असा त्यामागचा विचार.

थोडक्यात काय, तर ऐकण्याची अॅक्टिंग करायची नाही. खरंच ऐकायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

नकाशातलं न दिसणारं गाव

ठाण्यापासून भिवंडी जेमतेम पंधराएक किलोमीटर. पण मुंबईकराच्या मनातल्या नकाशात ती नसतेच. ‘भिवंडी रोड’ स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई लाइनवर. त्यामुळे रोजच्या लोकलवाल्यांचा तिच्याशी संबंध येत नाही. गावाचं नाव काढलं की लोकांना आठवतात दंगली, खड्डे नाहीतर ट्रॅफिक. गंमत म्हणजे काल रात्री तुम्ही ऑनलाइन मागवलेले शूज बहुतेक माणकोली किंवा दापोड्याच्या एखाद्या गोडाऊनमधूनच निघालेले असतात!

बाळकुम, मग खाडीवरचा कशेळीचा पूल, काल्हेर, अंजूर फाटा... एसटीच्या खिडकीतून मेट्रोचे खांब बघत मी धामणकर नाक्याला उतरले. माझ्यासाठी हे गाव नवीन नाही. माझी पहिली बारा वर्षं इथे गेली. बाबा एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो चालू करणारा माणूस. २००९ मध्ये आम्ही कल्याणला राहायला गेलो आणि त्यानंतर ‘तू कुठली?’ या प्रश्नाला मी कायम ‘कल्याण’ असंच उत्तर दिलं. का, ते पुढे येईलच.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून मी पहिला व्यायाम सुरू केला. तीन वर्तुळं, दहा मिनिटं. मोठं वर्तुळ : ट्रकचे हॉर्न, रिक्षावाल्यांचं ‘कल्याण, कल्याण’, कुठेतरी वेल्डिंग. मधलं वर्तुळ : चहाचे ग्लास, स्टोव्हची फुरफुर, शेजारच्या दोघांचं हिंदी. छोटं वर्तुळ : माझा श्वास. तो काही ऐकू येईना.

सात मिनिटं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की या सगळ्याच्या खाली एक आवाज मघापासून चालूच आहे. मागच्या गल्लीतून येणारी खटखट. ज्या आवाजासाठी इथवर आले, तोच मी ऐकला नव्हता! कारण माझ्या कानांसाठी तो आवाज नव्हताच. ती शांतता होती. लहानपणी लोडशेडिंग व्हायचं तेव्हा रात्री माग बंद पडायचे आणि आम्ही सगळी भावंडं दचकून जागी व्हायचो. मग लाइट यायची, खटखट सुरू व्हायची आणि आम्ही गाढ झोपायचो.

धोट्याची भाषा

भिवंडीत माणसं आली ती विणायलाच. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले. तेलंगणातले पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर आजही इथे आहे. आधी हातमाग होते, मग विजेवरचे माग आले आणि ते काही लाखांवर गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या पुढे होती. त्यातल्या कितीतरी घरांचं पोट या ना त्या वाटेने सुताशी बांधलेलं.

बाबांच्या ओळखीने एका कारखान्यात शिरायला परवानगी मिळाली. लांबट शेड, पत्र्याचं छप्पर, मागांच्या दोन रांगा आणि मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. आधी नाकाला कळतं : तेल, खळ आणि कापसाची धूळ. मग छातीला कळतं. कानाला शेवटी, कारण तोवर कान बधिर झालेले असतात. लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, प्रत्येक वेळी फटका बसतो आणि असे वीस-पंचवीस माग एकदम! अशा शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. आठ तासांच्या कामासाठी आपल्याकडे हीच कमाल मर्यादा धरली जाते. इथे पाळी बारा तासांची.

एक चाचा भेटले, मूळचे मऊकडचे. तीस वर्षं मागावर. मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, ‘चाचा, इतने आवाज में सुनाई क्या देता है?’ ते नुसते हसले. मिनिटभराने ताडकन वळले, माझ्या मागच्या तिसऱ्या मागाकडे गेले आणि तो बंद केला. धोट्याला फटका मारणाऱ्या दांडीचा चामड्याचा पट्टा सैल झाला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘वो अलग बोल रहा था ना!’

पंचवीस मागांच्या गोंगाटात एक माग ‘अलग बोलतोय’ हे पाठीमागून ओळखायचं! आमच्या वर्कशॉपमध्ये चौदा शिकलेल्या माणसांना मनुकेवर पाच मिनिटं लक्ष ठेवता आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली. शेडमध्ये कुणीच ओरडत नव्हतं. दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या पोराला चाचांनी ओठ मोठे मोठे हलवून, भुवया उचलून, दोन बोटं दाखवून काहीतरी सांगितलं आणि तो चहा आणायला गेला. घरी आल्यावर वाचलं, की इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये विणकर बायकांची अशीच एक भाषा होती. ‘मी-मॉइंग’ म्हणायचे तिला. ओठांच्या मोठ्या हालचाली आणि चेहराभर हावभाव. पुढे तिकडच्या विनोदी नटांनी ती स्टेजवर नेली. लेस डॉसन तर टीव्हीवर बाईचा वेश करून याच ढंगात बोलायचा आणि अख्खा इंग्लंड हसायचा. म्हणजे मागाच्या गोंगाटातून चक्क अभिनयाची एक शैली जन्मली होती!

तेव्हा मला बोआल आठवला. ऑगस्टो बोआल (१९३१-२००९), ब्राझीलचा नाटककार. नट नसलेल्या माणसांसाठी त्याने ट्रेनिंगची पद्धत बनवली. त्याचं म्हणणं असं, की काम माणसाचं शरीर घडवतं. दिवसभर बसून टाइप करणाऱ्याचं शरीर वेगळं, रात्रभर चालणाऱ्या वॉचमनचं वेगळं. म्हणून नाटक करण्याआधी आपलं शरीर कशाचं बनलंय ते ओळखा. त्याच्या व्यायामांचे गट अगदी साधे आहेत : स्पर्श होतो ते जाणवू द्या, कानावर पडतं ते ऐका, नजरेसमोर असतं ते बघा. बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यांमध्ये नाटक करतेय आणि बोआलची पद्धत तिने तिथे रुजवली आहे.

इथे एक कबुली. लेखात हे सगळं ‘माइंडफुल विणकर’ वगैरे करून छान गुंडाळता आलं असतं. पण मी त्या शेडमध्ये कानात कापूस घालून चाळीस मिनिटं होते आणि संध्याकाळपर्यंत डोकं ठणकत होतं. माझ्यासाठी तो व्यायाम होता, चाचांसाठी ती पाळी आहे. त्यांचे कान मागाचं सगळं ऐकतात. निघताना मी ‘शुक्रिया’ म्हटलं ते मात्र त्यांना दोनदा सांगावं लागलं.

आणि ते ‘क्या?’ म्हणताना त्यांनी मान जशी वाकडी केली, ती मी ओळखली. बाबा अगदी अशीच करतात.

बाबा, ऐकू येतंय?

आमच्या घरी सगळेच मोठ्याने बोलतात. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही. मास कम्युनिकेशनला गेले आणि पहिल्याच प्रेझेंटेशननंतर मागच्या बाकावरून आलं, ‘भांडतेयस कुणाशी?’ मग इंटर्नशिपला एका सीनियरने सांगितलं, ‘आवाज खाली, जरा पॉलिश्ड!’ मी शिकले. आवाज खाली आला, बोलणं भरभर झालं, ओठ हलायचे कमी झाले. बाबा एकदा कॉलेजच्या फंक्शनला आले होते, तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘बाबा, हळू बोला ना, प्लीज.’ त्यानंतर ते आले नाहीत. भिवंडीचं नाव न सांगण्याचं कारणही हेच. गावाची नाही, त्या मोठ्या आवाजाची लाज वाटायची.

भिवंडीहून मी तशीच कल्याणला गेले. कोनगाव, दुर्गाडी, घर. आईने चहा टाकला. मी बाबांना म्हटलं, ‘चला, एक खेळ खेळू या.’ गॅलरीत दोन खुर्च्या. दहा मिनिटं जे ऐकू येईल ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं. त्यांनी चष्मा लावला आणि परीक्षेला बसल्यासारखं लिहायला लागले.

माझ्या यादीत सतरा आवाज होते. त्यांच्या यादीत सहा. बस, पाण्याचा पंप, शेजारचा मिक्सर, आपटलेलं दार, कुत्रा, ट्रेन. त्यांच्या यादीत चिमण्या नव्हत्या. कुकरची शिट्टी नव्हती. किल्ल्यांचा जुडगा नव्हता. आईने आतून दोनदा हाक मारली होती, तीही नव्हती.

‘बाबा, मी बोलते ते कळतं ना सगळं?’

त्यांनी कागदाची घडी घातली. ‘अर्धं कळतं. समोर असलीस की तोंडाकडे बघून अंदाज येतो. फोनवर नाही येत.’

‘मग फोनवर काय करता?’

‘हो-हो म्हणतो.’

‘कधीपासून?’

‘तू कॉलेजला जायला लागल्यापासून. त्याच्या आधी यायचं की व्यवस्थित.’

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कानांची तपासणी केली. ऑडिओग्राम नावाचा ग्राफ असतो, त्यात ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. वर्षानुवर्षं गोंगाटात राहिलेल्या कानांची ही ठरलेली खूण, डॉक्टरांनी सांगितलं. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ पुसट होतात. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. गेलेलं परत येत नाही, पण मशीनने मदत होते. गोंगाटामुळे येणारं बहिरेपण कामगार कायद्यात व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं. पत्रकार मी!

पुढच्या शनिवारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी आपापला आवाज ‘सादर’ केला. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त चाचांसारखी उभी राहिले आणि शेजारच्या आयटीवाल्याला आवाज न काढता सांगितलं, दोन चहा. भुवया, ओठ, दोन बोटं. तो उठून खरंच चहा आणायला गेला. सर म्हणाले, ‘आता ऐकायला लागलीस.’ मी त्यांना बाकीचं काही सांगितलं नाही.

हल्ली मी बाबांना साधा फोन करत नाही. व्हिडिओ कॉल करते. लाइट चेहऱ्यावर, तोंड कॅमेऱ्यासमोर, एकेक शब्द पूर्ण उच्चारून आणि हो, मोठ्याने! ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लोक वळून बघतात. बघू देत. परवा मी त्यांना या लेखाबद्दल सांगत होते. नेहमीचं ‘हो-हो’ आलं नाही. मान वाकडी करून म्हणाले, ‘काय? परत सांग.’

मग मी परत सांगितलं.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

जायचं कसं : ठाणे किंवा कल्याण स्टेशनहून एसटी किंवा शेअर रिक्षा. ट्रॅफिकचा वेळ धरूनच निघा.

व्यायाम १ : कुठल्याही नाक्यावर दहा मिनिटं बसा. लांबचे, जवळचे आणि स्वतःचे, असे तीन वर्तुळांतले आवाज लिहा. मोबाइल सायलेंटवर!

व्यायाम २ : मंडईत कापडाच्या दुकानात डोळे मिटून तीन कापडं बोटांनी ओळखा. दुकानदाराला आधी विचारा, तो तुमच्यापेक्षा भारी ओळखेल.

व्यायाम ३ : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाबरोबर गॅलरीत बसा आणि दोघांच्या याद्या शेजारी ठेवून बघा.

आणि हे नक्की : कारखान्यात परवानगीशिवाय शिरू नका, फोटो विचारून काढा आणि कानात इअरप्लग घाला. तिथे काम करणाऱ्यांच्या कानात ते का नाहीत, हा प्रश्न मात्र बाहेर येऊन जरूर विचारा.